पावतीची कुळकथा

दसरा उलटला की आमच्या घरी दिवाळीची झाडलोट सुरू होते. यंदा माळा उतरवण्याचे काम माझ्या वाट्याला आले. पितळी डबे, मोडका पाळणा, जुन्या आकाशकंदिलांचे सांगाडे असे एकेक खाली देत होतो, तोच कोपऱ्यातून एक तार हाताला लागली. खाली लाकडाची चकती, वर आकड्यासारखी वाकवलेली, हातभर लांबीची तार. आणि तिच्यात बुडापासून शेंड्यापर्यंत खच्चून टोचलेले कागद. धूळ झटकून मी ती खाली आणली. आई म्हणाली, “ती टाकू नकोस हो. तुझ्या वडिलांची इस्टेट आहे ती.”

वडील जाऊन चार वर्षे झाली. ते एस. टी.त कंडक्टर होते. खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि टकटक वाजणारा पंच, अशी त्यांची मूर्ती अजून डोळ्यांपुढे आहे. ते म्हणत, “मी रोज शेकडो माणसांना पैशाबदली कागद देतो. मग मी स्वतः कागद घेतल्याशिवाय पैसे का म्हणून द्यायचे?” घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचे बिल, माझ्या शाळेची फी, सायकलीचा कॅश मेमो, जो कागद घरात येई तो संध्याकाळी या तारेत जाई.

झाडलोट तशीच राहिली आणि मी ती तार घेऊन ओसरीवर बसलो. एक गोष्ट पाहून चकित झालो. तळाच्या पावत्या १९८९ सालच्या. कागद पिवळा पडलेला, कडा कुरतडलेल्या. पण शाईचे अक्षर स्वच्छ वाचता येत होते. कार्बनचे निळे अक्षरही जागच्या जागी होते. वरच्या पावत्या मात्र सात-आठ वर्षांपूर्वीच्या, गुळगुळीत, पांढऱ्याशुभ्र, आणि साफ कोऱ्या! जुन्याने साक्ष राखली होती, नव्याने तोंड मिटले होते.

याचे कारण काही गूढ नाही. अलीकडच्या दुकानांतल्या यंत्रातून जी गुळगुळीत चिठ्ठी निघते, तिच्यावर शाई नसतेच. त्या कागदालाच एक रासायनिक लेप असतो. यंत्राचा तापलेला भाग जिथे टेकतो तिथे तो लेप काळा पडतो आणि अक्षर उमटते. उन्हाने, उबेने, तेलकट हाताने, प्लॅस्टिकच्या पाकिटाने ते अक्षर हळूहळू विरून जाते. म्हणजे वस्तूची हमी दोन वर्षांची आणि पावतीचे आयुष्य त्याहून कमी, असा मौजेचा व्यवहार. आणि आता तर ही चिठ्ठीही अनेक दुकानांतून निघेनाशी झाली आहे. “साहेब, बिल मोबाइलवर पाठवलंय,” असे म्हणून पोरगा पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

माझ्या नववीच्या वर्गात मी परवा विचारले, “पावती म्हणजे काय?” एकजण झटकन म्हणाला, “सर, गणपतीच्या वर्गणीची असते ती!” सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण मनात म्हटले, याच्या पिढीला पावती म्हणजे पैसे मागायला येणारे पुस्तक. पैसे दिल्यावर आपल्या हाती राहणारी वस्तू म्हणून ती याने पाहिलीच नाही. त्या दिवशी ठरवले, की या कागदाची कुळकथा एकदा सांगून टाकावी.

पण त्याआधी वडिलांच्या तारेची कथा सांगितली पाहिजे.

माझी आत्या तरुणपणीच विधवा झाली. पदरात दोन मुले. शिवणकाम तिला येत होते, म्हणून तिने तालुक्याच्या एका दुकानातून हप्त्याने शिलाई मशीन घेतले. दर महिन्याच्या बाजाराला ती हप्ता नेऊन देई. दुकानाचे शेठ वयस्क, बोलायला गोड. आत्याने कागद मागितला की म्हणत, “ताई, तुम्ही घरच्या. हे बघा, वहीत लिहून ठेवलं.” आणि ते खरोखरच तिच्यासमोर वहीत लिहीत. आत्याला दोन यत्ता शिक्षण, वहीतले अक्षर मोडीवळणाचे. ती मान डोलावून परत येई. पुढे शेठ वारले. मुलगा गादीवर बसला आणि त्याने सांगितले, की चार हप्ते थकले आहेत. आत्या म्हणाली, सगळे फिटले. तो म्हणाला, “वहीत नाही.” ती म्हणाली, “तुमच्या वडिलांनी माझ्यासमोर लिहिलं.” तो म्हणाला, “मग पावती दाखवा.” पावती कुठून असणार? एके दिवशी हातगाडी आली आणि मशीन उचलून घेऊन गेली. आत्या उंबरठ्यावर बसून होती. मी तेव्हा दहा वर्षांचा. हातगाडीच्या चाकांचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्याच आठवड्यात वडिलांनी ती तार आणली.

कागद नव्हता तेव्हा माणसे काय करीत? कागदापूर्वी माती होती. आजच्या इराकमध्ये, जुन्या सुमेर देशात, निप्पूर शहराजवळ ड्रेहेम नावाचे ठिकाण आहे. तिथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी राजाच्या पशुधनाचा मोठा कोठार-गोठा होता. मेंढ्या, बकऱ्या, बैल येत आणि जात, आणि प्रत्येक येण्याजाण्याची नोंद ओल्या मातीच्या चपट्या वडीवर काडीने कोरून ठेवीत. अशा वड्या हजारोंनी सापडल्या आहेत. कितीकांवर एक ठरावीक शब्दप्रयोग येतो, “शु बा-ती.” ‘शु’ म्हणजे हात, आणि साऱ्याचा अर्थ ‘त्याने हाती घेतले.’ आपल्या पावतीवरच्या ‘पावले’ या शब्दाचाच तो आजोबा म्हणा ना!

या शब्दांचीही गंमत आहे. ‘पावती’ ही ‘पावणे’ या क्रियापदावरून आली. पावणे म्हणजे पोचणे, मिळणे. देव पावतो तो याच शब्दाने. ‘रसीद’ हा शब्द फारसीतला. त्याचाही मूळ अर्थ ‘पोचले.’ दोन्ही भाषांत पावती देणारा एकच गोष्ट कबूल करतो, की तुझे मला पोचले. म्हणजे पावती हे घेणाऱ्याच्या तोंडचे वाक्य आहे, आणि ते देणाऱ्याच्या हातात राहते. वाक्य एकाचे, ताबा दुसऱ्याचा. सारी मेख इथे आहे.

त्या सुमेरी लोकांना ही मेख कळली होती. पुष्कळदा ते मातीच्या वडीभोवती मातीचेच पाकीट करीत आणि आतला मजकूर पाकिटावर पुन्हा लिहून शिक्का उमटवीत. पुढे वाद झालाच तर पाकीट फोडायचे आणि आतला मजकूर पाहायचा. बाहेरचे अक्षर कोणी खरवडले तरी आतले कसे खरवडणार? दुसरी युक्ती तिसऱ्याकडे ठेवण्याची. उर शहरात सापडलेली, इ. स. पूर्व १७५०च्या सुमाराची एक मातीची वडी लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. नान्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला खराब तांबे दाखवल्याबद्दल झाडलेले ते पत्र. माझ्या माणसाला तू अपमान करून परत पाठवलेस, म्हणून नान्नी तणतणतो. दुकानदाराशी भांडण ही गोष्ट केवढी पुरातन आहे पाहा! पण याच पत्रात तो एका मोहोरबंद लेखाचीही आठवण देतो. दोघांनी मिळून लिहवलेला तो लेख शमश या देवाच्या देवळात ठेवलेला होता. शमश हा सूर्यदेव आणि न्यायाचाही देव. दोघांचा एकमेकांवर विश्वास पुरत नाही तेव्हा पुरावा देवापाशी ठेवायचा, हा व्यवहार झाला.

इंग्लंडात याहून साधी आणि मला फार आवडणारी रीत होती. सरकारी खजिन्यात पैसे भरले की हेझेल नावाच्या झाडाची काठी घेत आणि तिच्यावर रकमेच्या खाचा पाडीत. बाराव्या शतकात खजिन्याच्या कारभारावर लिहिलेल्या एका ग्रंथात या खाचांची मापेच दिली आहेत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीची खाच, शंभरांना अंगठ्याएवढी, विसांना करंगळीएवढी, एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की ती काठी उभी चिरून दोन फाके करीत. मोठा फाका पैसे भरणाऱ्याला, लहान खजिन्याला. हिशेबाच्या दिवशी दोन फाके जुळवून पाहायचे. एकाने खाच वाढवली तर दुसऱ्यावर ती नसणार. लाकडाच्या रेषाच अशा, की दुसऱ्या कोणत्याही काठीचा फाका तिथे बसणार नाही. अक्षर न येणारा माणूसही बोटाने चाचपून खात्री करून घेई.

माझ्या मते जगात याहून प्रामाणिक पावती झाली नाही. दोघांकडे एकेक अर्धुक. एकट्याचे अर्धुक पुरे नाही आणि एकट्याला ते बदलताही येत नाही. आमची आजी दुधवाल्याच्या खेपा चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडी आणि दुधवाला आपल्या डायरीत मांडी. महिनाअखेर दोन्ही जुळवीत. आजीला इंग्लंडची काठी ठाऊक नव्हती. पण आपले अर्धुक आपल्या भिंतीवर हवे, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

त्या काठ्यांचा शेवट मात्र मोठा नाट्यमय झाला. १८२६ साली ही रीत बंद पडली. ढिगाने काठ्या साचून राहिल्या. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या पार्लमेंटच्या इमारतीखालच्या भट्ट्यांत जाळायला घातल्या. भट्ट्या प्रमाणाबाहेर तापल्या, आग लागली आणि ब्रिटिश पार्लमेंटची जुनी इमारत जवळजवळ सारी जळून गेली. जुन्या पावत्यांची विल्हेवाट बेताने लावावी, एवढा बोध त्यातून आमच्या आईनेही घ्यायला हरकत नाही!

आता आपल्या देशाकडे येऊ. आपल्याकडे व्यापाऱ्यांची हिशेबाची विद्या फार जुनी आणि कसलेली. रोजकीर्दीत दिवसाचा व्यवहार, खतावणीत ज्याचे त्याचे खाते. लाल खारव्याच्या बांधणीच्या लांबट वह्या, पाने शिवलेली, म्हणजे मधले पान उपटले तर कळावे. हुंडी लिहिताना रक्कम आकड्यात, अक्षरात आणि वर तिची निमपटही लिहीत. शंभर रुपये, त्याचे निमे पन्नास. एका शून्याने शंभराचे हजार करायला जावे तर निमे आडवे येई. हुंडी गहाळ झाली तर ‘पैठ’, तीही हरवली तर ‘परपैठ’, अशा एकामागून एक नकला देण्याची सोय होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री याच वह्यांची पूजा होते. एवढी काळजी घेणारी ही विद्या व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांत चोख होती. दोघांकडे वह्या, दोघांनाही अक्षर.

पण गिऱ्हाईक शेतकरी असला की त्याच्याकडे वही नाही आणि अक्षरही नाही. कर्जखताखाली तो नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले ते त्याला लिहिणारा सांगेल तेच. इथेच अर्धुक हरवले, आणि त्याची फार मोठी किंमत मोजावी लागली.

ती गोष्ट आपल्या पुणे आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांतली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात मोकळा सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच शेतसाऱ्याची नवी आकारणी वाढून आली. आता सावकार हात आखडू लागला आणि जुन्या कर्जाचा तगादा लावू लागला. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने खताची मुदत तीन वर्षांची ठेवली होती. हेतू चांगला, की व्याजाचा डोंगर साचू नये. पण झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेई. जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज हे नव्या खतातले मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. शेतकऱ्यांच्या तक्रारअर्जांत एक रड वारंवार येते: आम्ही पैसे फेडतो, धान्य घालतो, पण सावकार पावती देत नाही, आणि खतात भलताच आकडा असतो.

कायदा तरी काय म्हणत होता? १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात एक शहाणपणाचे कलम होते. रीतसर ठेवलेल्या वहीतली नोंद पुराव्यात घेता येईल; पण केवळ तेवढ्यावरून कोणावर देणे बसवता येणार नाही. कायद्याने उदाहरणही दिले होते, की ‘अ’ने ‘ब’वर हजार रुपयांची फिर्याद केली आणि आपल्या वहीतली नोंद दाखवली, तर दुसऱ्या पुराव्याशिवाय तेवढी पुरी नाही. वही एका बाजूने लिहिलेली असते, हे कायद्याने ओळखले होते. परंतु सावकाराकडे वहीखेरीज नांगराची निशाणी असलेले खतही होते. शेतकऱ्याकडे काय होते? त्याची आठवण. आणि आठवणीवर कोणत्या न्यायाधीशाने हुकूमनामा फिरवावा?

१२ मे १८७५ रोजी सुपे या गावी हा कोंडमारा फुटला. आज बारामती तालुक्यात असलेले हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यातले बाजाराचे ठिकाण. आसपासच्या खेड्यांतले लोक जमले आणि सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चालून गेले. त्यांना हवी होती ती खते आणि वह्या. मिळतील तेवढी ओढून काढून त्यांची होळी केली. काही धान्याची दुकाने लुटली गेली, काही घरे पेटली. तिथून हे लोण अहमदनगर जिल्ह्यात गेले आणि तीसहून अधिक गावांत दंगे झाले. गावोगाव पोलीस बसले, लष्कर आले, शेकडो लोक पकडले गेले. तरी माणसांच्या अंगावर हात टाकण्याचे प्रकार मानाने कमी. सगळा रोख कागदांवर. इतिहासाच्या पुस्तकांत आपण यांना ‘दख्खनचे दंगे’ म्हणून शिकतो आणि मी ते वर्गात कित्येक वर्षे शिकवीतही आलो. तारीख, कारणे, परिणाम. पण वडिलांची तार मांडीवर घेऊन बसलो तेव्हा प्रथम लक्षात आले, की ही माणसे कागद का जाळीत होती. सगळे कागद एकाच बाजूकडे होते. जुळवून पाहायला दुसरे अर्धुक असते तर जाळण्याची वेळ आली नसती. सारेच सावकार लबाड होते असे मी म्हणत नाही. पण पावती न देण्याची मुभा प्रामाणिक माणसालाही हळूहळू बिघडवते.

सरकारने चौकशी नेमली. तिचा अहवाल १८७६ साली तयार झाला, आणि १८७९ साली ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा’ झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. या कायद्याची चर्चा बहुधा जमिनीच्या जप्तीवरून आणि कर्जाच्या चौकशीवरून होते. मला मात्र त्यातले एक छोटे प्रकरण फार मोलाचे वाटते. ते आहे पावत्यांचे आणि हिशेबाचे. शेतकऱ्याने कर्जापोटी पैसे दिले की घेणाऱ्याने तिथल्या तिथे लेखी पावती पुढे करावी. आणि ती शेतकरी मागो वा न मागो. त्याला वर्षाचा हिशेब लिहून मिळावा, हवे असेल तर खातेपुस्तक मिळावे. न देणाऱ्याला दंड.

‘मागो वा न मागो!’ वाचक हो, हे चार शब्द ज्याने कायद्यात घातले त्याला माणसाचा स्वभाव कळला होता. गरजू माणूस मागत नाही. त्याला संकोच वाटतो, पुढच्या वेळी दारात उभे करणार नाहीत अशी भीती वाटते, “घरच्या माणसाला कागद कशाला” असे कोणी म्हटले की तो विरघळतो. माझी आत्या तशीच विरघळली होती. म्हणून पावती ही मागणाऱ्याच्या धिटाईवर सोडायची गोष्ट नाही. ती देणाऱ्याचे कर्तव्य आहे.

योगायोग असा, की त्याच १८७९ साली, ४ नोव्हेंबरला, सातासमुद्रापलीकडे अमेरिकेतल्या डेटन गावच्या जेम्स रिटी याने एका यंत्राचे पेटंट घेतले. रिटीचे मद्यगृह होते आणि गल्ल्यावरची माणसे पैसे खात, या दुःखाने तो पोळला होता. युरोपला जाताना बोटीवर त्याने पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र पाहिले आणि त्याच्या मनात आले, की गल्ल्यातले पैसेही असेच का मोजू नयेत? यंत्राला त्याने ‘अभ्रष्ट रोखपाल’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे १८८४ साली जॉन पॅटर्सन याने हा धंदा घेतला, नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी काढली, आणि घंटी वाजवून कागदाची फीत बाहेर टाकणारा गल्ला जगभर गेला. म्हणजे दुकानातली छापील पावती जन्मली ती मालकाला नोकरावर नजर ठेवता यावी म्हणून. गिऱ्हाइकाला ती जाता जाता मिळाली. आपल्या चार जिल्ह्यांतली कायद्याची पावती मात्र दुबळ्या बाजूसाठीच जन्मली होती. दोघींचे वय एक, कूळ वेगळे.

नंतर पावतीला आणखी एक धनी भेटला, तो म्हणजे सरकारचा करविभाग. वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचे तिकीट लागे, हे आपल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आज ही मर्यादा पाच हजार रुपयांची आणि तिकीट एक रुपयाचे आहे. तैवानात तर १९५१ पासून दुकानाच्या प्रत्येक सरकारी पावतीवर सोडतीचा क्रमांक छापतात, म्हणजे लोक बक्षिसाच्या आशेने का होईना पावती मागतील आणि दुकानदाराचा कर बुडणार नाही. अशी ही पावती मालकाला हवी, सरकारला हवी, गिऱ्हाइकालाही हवी. तिघांच्या गरजांवर ती तगून राहिली.

आता काय झाले, की मालकाला आणि सरकारला तिची गरज उरली नाही. त्यांचे काम यंत्रात परस्पर होते. फ्रान्समध्ये १ ऑगस्ट २०२३ पासून गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज दुकानात पावती आपोआप छापायची नाही असा नियम आला. कागद वाचवावा आणि त्यावरची रसायने टाळावीत हा हेतू. तरी हमी असलेल्या टिकाऊ वस्तूंची पावती त्यांनी वगळून ठेवली. शेजारच्या जर्मनीने १ जानेवारी २०२०पासून नेमके उलटे केले. यंत्रावर झालेल्या प्रत्येक विक्रीची पावती देणे सक्तीचे, मग ती कागदावर असो वा मोबाइलवर. आपल्याकडे जीएसटीच्या नियमांत दोनशे रुपयांच्या आतल्या किरकोळ विक्रीला गिऱ्हाइकाने मागितले नाही तर वेगळे बिल न देण्याची सवलत आहे. बाकीच्याला बिल हवेच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर बिल वा पावती न देणे ही ‘अनुचित व्यापारी प्रथा’ ठरवली आहे. कायदा आपल्या बाजूचा आहे. मग बिघडते कुठे?

ते माझ्यावरच गुजरले म्हणून सांगतो. मागच्या वर्षी आईसाठी मिक्सर घेतला. पैसे मोबाइलवरून दिले. डबीतून बाई बोलली, की इतके रुपये प्राप्त झाले. “बिल नंबरवर पाठवलंय,” पोरगा म्हणाला. मी मान डोलावली. आत्याने डोलावली होती तशीच. सात महिन्यांनी मिक्सर बंद पडला. मोबाइलात शोधतो तो बिल नाहीच. दुकानात गेलो. त्यांनी नंबर टाकून पाहिला. माझ्या नंबरावर काही नाही. पैसे दिल्याचा संदेश मी दाखवला. तो म्हणाला, “सर, पैसे दिलेत हे खरं. पण कशाचे दिले ते यात कुठे आहे? तुम्ही इस्त्री घेतली असेल.” आणि तो खोटे बोलत नव्हता. पैसे दिल्याचा पुरावा वेगळा आणि वस्तू घेतल्याचा पुरावा वेगळा, हे त्या दिवशी मला कळले. शेवटी दुकानातल्या एका मुलीने मिक्सरच्या बुडाशी चिकटवलेला क्रमांक वाचला, आपल्या यंत्रात शोधला आणि बिल सापडले. माझ्या नंबरातला एक आकडा चुकला होता. माझी पावती सात महिने कोणा अनोळखी माणसाच्या खिशात फिरत होती!

मिक्सर दुरुस्त होऊन मिळाला. त्या मुलीचे मी आभार मानले. पण परत येताना वाटले, हे मिळाले ते तिच्या चांगुलपणाने. माझ्या हक्काने नव्हे. तिने शोधायचा कंटाळा केला असता तर माझ्यापाशी काय होते? सारा लेख त्यांच्या यंत्रात. आत्याच्या शेठजींची वहीच ती. फक्त लाल खारवा गेला आणि काच आली.

मी कागदाचा हटवादी नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीला आपल्या न्यायालयात २०००च्या कायद्याने जागा मिळाली आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने ती कायम ठेवली आहे. मोबाइलवर नीट पोचलेले बिल त्या कोऱ्या पडणाऱ्या चिठ्ठीहून शतपट बरे. बिलासाठी मोबाइल नंबर देण्याची सक्ती दुकानदाराने करू नये, असे केंद्र सरकारने मे २०२३मध्ये दुकानदारांना कळवलेही आहे. मातीची वडी गेली, काठी गेली, कागदही जाईल. पण वडी असो, काठी असो की काच, विचारण्याचा प्रश्न एकच आहे. माझे अर्धुक माझ्या हाती आहे का? त्याच्या मर्जीशिवाय मला ते दाखवता येते का? येत असेल तर ती पावती. नाही तर ती नुसती त्याची वही.

म्हणून या दिवाळीत खरेदीला जाल तेव्हा दुकानातून पाय काढण्याआधी बिल आले का ते पाहा. वस्तूचे नाव त्यात आहे का ते वाचा. गुळगुळीत चिठ्ठी मिळाली तर तिची छायाप्रत काढा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे बिल आपल्या मोबाइलवर आले तर ते त्यांना वहीत लिहून द्या. त्यांचे अर्धुक तुमच्या खिशात राहू देऊ नका.

परवा हे सारे मी आत्याला वाचून दाखवले. ती आता ऐंशीला आली आहे. ‘मागो वा न मागो’ ऐकून ती म्हणाली, “मग माझ्या वेळेला कुठे गेला होता रे तो कायदा?” मी म्हटले, “आत्या, तो शेतकऱ्याच्या कर्जापुरता होता. आणि तुझ्या वेळेपर्यंत तो जुनाही झाला होता.” ती काही बोलली नाही. मग उठून तिने आपला शिवणाचा डबा आणला.

मशीन गेल्यानंतर दोन वर्षे तिने लोकांकडे हातशिलाई केली आणि पैसे साठवून रोखीने दुसरे मशीन घेतले, हे मला माहीत होते. पण एक गोष्ट मी लहानपणापासून पाहत आलो आणि तिचा अर्थ कधी लागला नव्हता. कोणी ब्लाउजपीस टाकायला आले की आत्या त्याच्या कडेची एक चिंधी कापी. ती चिंधी मधोमध कातरून अर्धी आपल्या वहीत टाचणीने लावी आणि अर्धी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवी. बाया हसत. “अहो आत्या, आमचा काय भरवसा नाही होय?” म्हणत. आत्या म्हणे, “तुमचा आहे हो. माझा तुम्हाला राहावा म्हणून देते.”

डब्यात वहीच्या पानापानाला त्या चिंध्या लावलेल्या होत्या. निळ्या, मोरपंखी, जरीच्या. अक्षर न येणाऱ्या बाईनेही बोटाने जुळवून पाहावे अशा. आईने लक्ष्मीपूजनाच्या पाटावर वडिलांची तार ठेवायची असे ठरवले आहे. तिच्या शेजारी मी आत्याची ही वही ठेवणार आहे.